चार्जशीटमध्ये ‘चेहरा जुळणी 82 टक्के’: उलटतपासात काय धरायचं?

सातपूरकर: नाशिकचं जबरी चोरीचं प्रकरण आहे, मी आरोपीतर्फे. चार्जशीटला द्वारका चौकातल्या सीसीटीव्हीचा एक स्टिल (फुटेजमधला स्थिर फोटो) आणि चेहरे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचा एकपानी अहवाल. फिर्यादीने ओळख परेडमध्ये आरोपीला ओळखलंय. सरकारी वकील म्हणणार, मशीनही तेच सांगतं आणि माणूसही. सुरुवात कुठून करू?

जुनाकोर्टरोड: 82 म्हणजे तोच माणूस असण्याची शक्यता 82 टक्के, असं नव्हे. दोन फोटो किती सारखे, एवढाच तो आकडा, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची पट्टी वेगळी. मशीन सहसा एक नाव देतही नाही, सारख्या चेहऱ्यांची उतरत्या क्रमाने यादी देतं. त्यात आरोपी कितवा होता? ती यादी आणि सिस्टिमला दिलेला मूळ फोटो बीएनएसएस (नवा फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम 94 खाली, म्हणजे कागदपत्रं हजर करायला लावण्याच्या तरतुदीखाली, अर्ज टाकून मागवा. फोटो ‘एन्हान्स’ केलेला असेल तर नाकडोळे सॉफ्टवेअरनेच भरलेले असू शकतात. स्टिलमध्ये दोन डोळ्यांमधले पिक्सेल मोजा. 15-20 च निघाले तर त्या 82 ला काय अर्थ?

गोदाघाट: खरी मेख परेडमध्ये आहे. मशीन शोधतं तेच मुळी चोरासारखा दिसणारा माणूस. तो रांगेत उभा केला की फिर्यादीही त्याच्याकडेच बोट दाखवणार. म्हणजे हे दोन स्वतंत्र पुरावे नाहीत, एकच चूक दोनदा मोजलेली असू शकते. परेडआधी फोटो मोबाइलवर दाखवला होता का, हे तपासी अंमलदाराला विचाराच. डमी (आरोपीसोबत रांगेत उभे केलेले इतर लोक) कसे निवडले तेही.

सातपूरकर: डीव्हीआर (कॅमेऱ्याचं फुटेज साठवणारं यंत्र) जप्त नाही, फुटेज पेनड्राइव्हवर आहे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडलेलं नाही.

जुनाकोर्टरोड: त्यावर एकट्यावर विसंबू नका. सुप्रीम कोर्टाच्या खोतकर निकालाने (2020) प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं, पण खटला संपण्याआधी ते उशिरा दाखल करायची वाटही मोकळी ठेवली. तुम्ही आत्ताच बोंब मारलीत तर ते आणून जोडतील. आलंच तर प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ कुणी भरला, भाग ‘ब’ वर कुठल्या तज्ज्ञाची सही आहे आणि हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) पेनड्राइव्हशी जुळतो का, ते बघा. सॉफ्टवेअर चालवणारा शिपाई त्याच कायद्याच्या कलम 39 चा तज्ज्ञ होत नाही.

गोदाघाट: पंचनाम्यात डीव्हीआरचं घड्याळ आणि खरी वेळ यातला फरक नोंदवलाय का? बऱ्याचदा राहून जातो. आरोपी त्या वेळी दुसरीकडे होता असं म्हणायचं असेल तर दहा मिनिटंही महाग पडतात. डीव्हीआर जतन करायचा अर्ज मात्र आजच टाका. साठवण भरली की तो जुनं पुसून त्यावरच नवं रेकॉर्ड करतो, बहुतेक ठिकाणी 15 ते 30 दिवसांत.