दिवसभर राबतो पण काय केलं ते सांगता येत नाही, मोठे लोक नक्की करतात काय?

शिरोली_टर्निंग: नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, ३ सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), ४ जुने लेथ, माणसं २२. दोन वर्षांपूर्वी पप्पांनी माझ्याकडे दिलं, ते आता दुपारी फक्त चक्कर मारतात. सकाळी ८ ला जातो, रात्री साडेआठला घरी, आणि बायकोने विचारलं आज काय झालं तर खरंच काही सांगता येत नाही. कास्टिंग आलं नाही, ऑपरेटर आला नाही, कुणाला ॲडव्हान्स पाहिजे, कोटेशन काढायला बसलो की केबिनचं दार उघडलंच म्हणून समजा. यूट्यूबवर बघितलं की मोठे लोक पहाटे ४ ला उठतात, मीपण १२ दिवस उठलो, मग त्याचं तेरावं घातलं. उपदेश नको, कुणी खरोखर काय करतं ते सांगा.

अर्धा_कप: ४ वाजताचं सोडा हो. ॲमेझॉनच्या जेफ बेझोसने २०१८ साली वॉशिंग्टनला एका मुलाखतीत सरळ सांगितलं होतं की तो ८ तास झोपतो, सकाळी पेपर, कॉफी, पोरांबरोबर नाश्ता असं रमतगमत चालतं आणि डोकं लावायची मीटिंग १० ला, जेवणाच्या आधी. संध्याकाळी अवघड विषय आला तर उद्या १० ला बघू. दिवसात तीन चांगले निर्णय झाले तरी त्याला पुरे. आता त्याच्याकडे लाखो माणसं आणि आपला अकाउंटंटपण पार्टटाइम, त्यामुळे सगळं नाही जमायचं. पण भागधारकांना २०१५ सालासाठी लिहिलेल्या पत्रातली एक गोष्ट जमेल. काही निर्णय म्हणजे एकदा आत गेलात की परत यायला दार नाही, ते सावकाश घ्या. बाकीचे चुकले तर मागे फिरता येतं, ते खालच्या लोकांनी पटापट घ्यावेत. नवीन सीएनसीचं लोन हे पहिल्यातलं, कूलंट कुठलं मागवायचं हे दुसऱ्यातलं. ते सुपरवायझरला ठरवू दे की.

टीपकागद: खाली सोडून द्या म्हणणं सोपं आहे राव. जेआरडी टाटा १९५३ ते १९७८ एअर इंडियाचे चेअरमन होते, टाटांचा एवढा पसारा सांभाळून, आणि विमानात बसले की चहाचा रंग कॉफीसारखा का झालाय इथपासून सीट किती मागे जाते इथपर्यंत टिपून ठेवायचे आणि उतरल्यावर ज्याचं काम त्याला लिहून कळवायचे. काउंटरवर धूळ दिसली तर स्वतः पुसायचे. आता हे बारीकसारीकच आहे ना? माझा पहिला साहेबपण असाच राउंड मारायचा, पण चूक दिसली की सगळ्यांसमोर शंख करायचा, त्यामुळे तो यायच्या आधी लोक रिजेक्शनचे पीस मशीनमागे लपवायचे. बघणं दोघांचं सारखंच, फरक कागदाचा.

जुनी_शाई: मी २६ वर्षं मॅनेजमेंट शिकवलं, त्यामुळे थोडं बोलते. हेन्री मिंट्झबर्ग नावाच्या कॅनडाच्या प्राध्यापकाने पाच बड्या अधिकाऱ्यांसोबत प्रत्येकी एक आठवडा राहून ते काय करतात ते टिपलं, १९७३ मध्ये ते छापून आलं. अर्धी कामं ९ मिनिटांच्या आत संपणारी निघाली, तासाभराच्या वर चाललेली जेमतेम दहा टक्के! तेव्हा दार सारखं उघडतंय म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस बाळा, साहेबांचं काम तसंच असतं. फक्त दार कशासाठी उघडतं ते एक दिवस लिहून काढ.

लेथवाला: ताईंना अनुमोदन. टोयोटाचे ताईची ओनो शॉपफ्लोरवर खडूने गोल काढायचे आणि नव्या इंजिनिअरला त्यात उभं करायचे, तासन्‌तास, काय दिसतं ते सांग म्हणायचे. मी आमच्याकडे खडू नाही काढला (लोक म्हणाले असते मालकावर कुणी करणी केली काय) पण टूलच्या रॅकजवळ चहाचा ग्लास घेऊन अर्धा तास उभा राहिलो. एकच पोरगा एका ड्रिलसाठी चार वेळा येऊन गेला, कारण साइजप्रमाणे लावलेलंच नव्हतं. सहा वर्षं मी त्या पोराला ढिला म्हणत होतो.

शिरोली_टर्निंग: सगळ्यांचे आभार, कालच लिहून काढलं. दार उघडलं ३४ वेळा. त्यातलं ॲडव्हान्स २, गिऱ्हाईक ५, असंच ८ आणि बाकी १९ वेळा कपाटाची चावी!! बोअर गेज (भोकाचं माप घ्यायचं) आणि इन्सर्ट (टूलला लावायचं कापणारं टोक) माझ्या केबिनमधल्या कपाटात, चावी माझ्या खिशात, पप्पांच्या काळापासून तसंच, कारण इन्सर्ट महाग, जातात कुठे कळत नाही.

अर्धा_कप: 😂 हे दुसऱ्यातलं दार आहे भावा.

लेथवाला: मग दिली का चावी कुणाला?

शिरोली_टर्निंग: कपाटच बाहेर सुपरवायझरच्या टेबलाशेजारी नेलं आज सकाळी, वर वही बांधली, जो नेईल त्याने लिहायचं. दोन कोटेशनं जेवणाच्या आधी झाली. दुपारी पप्पा आले, कपाट बघितलं, काही बोलले नाहीत, चष्मा लावून इन्सर्टचे डबे मोजत बसले.