'अंडरवॉटर' तुम्ही कसा पाहिलात?

काल रात्री 'अंडरवॉटर' हा समुद्राखालच्या राक्षसाचा भयपट तिसऱ्यांदा पाहिला. नवरा म्हणे, "पडलेला पिक्चर किती वेळा बघशील?" पडला खरा. चित्रीकरण 2017 चं, मग डब्यात. मधल्या काळात फॉक्स कंपनी डिस्नेच्या घरी गेली आणि जानेवारी 2020 मध्ये एकदाचा लागला. खर्च निदान 5 कोटी डॉलर, जगभरची कमाई 4 कोटींच्या आसपास. पण ती सुरुवात! समुद्रतळावरच्या ड्रिलिंग केंद्रात नायिका क्रिस्टन स्ट्यूअर्ट दात घासतेय, बेसिनमध्ये एक कोळी, वरून टपटप थेंब, आणि बघता बघता अख्खा कॉरिडॉर चुरगळत तिच्या मागे लागतो. ओळख ना पाळख, थेट पळापळ. तुम्ही घाबरलात की हसलात? लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी सांगा.

———

न्यू जर्सीत, थिएटरमध्ये. आम्ही धरून सात टाळकी. आवाज खुर्चीतून पोटात शिरत होता. राक्षसाचं काही वाटलं नाही, पण त्या पाणबुड्या सूटमधला श्वासाचा आवाज घरापर्यंत आला. बाहेर कडाक्याची थंडी, तरी गाडीत बसल्याबसल्या काच खाली केली. बायको अजून चिडवते.

———

मी जहाजावर इंजिन रूममध्ये असतो. पिक्चर घडतो त्या मारियाना गर्तेत, म्हणजे समुद्राच्या सर्वात खोल जागी, 11 किमी खाली दाब वातावरणाच्या सुमारे 1100 पट. म्हणजे नखाएवढ्या जागेवर टनभर ओझं! तिथे सूट घालून मैलभर चालणं ही शुद्ध लोणकढी. एकाचं हेल्मेट फुटतं, तो मात्र 'अरे' म्हणायच्या आत संपतो; ते पटलं. आणि पलीकडून माणसं धावत येताना क्रिस्टनला दार लावावं लागतं, तो प्रसंग. वॉटरटाइट दारांची ड्रिल आम्ही नेहमी करतो. हात कसा थबकतो, ते तिने अचूक दाखवलंय.

———

लॉकडाऊनमध्ये, मोबाईलवर. काळ्यावर काळं. राक्षस आला हे संगीतावरून कळलं. पास.

———

(शेवट फोडतोय.) वरच्यांनी मोठ्या पडद्यावर, दिवे घालवून परत बघा. फ्लेअरच्या उजेडात जी भिंत वाटते तीच हलते, तेव्हा मी सोफ्यावर पाय वर घेतले. हा भयकथाकार लव्हक्राफ्टच्या कथांतला अजस्र राक्षस कथुलू, असं दिग्दर्शक विल्यम युबँकने नंतर सांगून टाकलं. नसतं सांगितलं तर जास्त आवडलं असतं.

———

पाण्याखालच्या पिक्चरांचं आमच्या पिढीचं वर्ष 1989. जानेवारीत 'डीपस्टार सिक्स', मार्चमध्ये 'लेविएथन', ऑगस्टमध्ये 'द अबिस'. आम्ही दोन-तीन वर्षांनी भाड्याच्या कॅसेटवर पाहिले. 'लेविएथन'चा राक्षस पडद्यावरचे राक्षस घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या चमूचा. रबरी म्हणा हवं तर, पण हाताला लागेल असा. रविवारची दुपार, ताटात तळलेला बांगडा, आणि पडद्यावर माणसाच्या अंगावर खवल्यांसारखं काहीतरी उगवायला लागलं. धाकटा भाऊ ताट तसंच ठेवून उठला.

त्याचा बांगडा मी खाल्ला.