आयटीत डॉक्टरेट: पीएच.डी. की व्यावसायिक डॉक्टरेट? (इंदूर, नोकरी सांभाळून)

मुग्धा_सुदामानगर
नमस्कार मंडळी. एमसीए ६१ टक्के, तेरा वर्षं आयटी ऑपरेशन्समध्ये, ऑफिस सुपर कॉरिडॉरला. विषय डोक्यात पक्का आहे: सर्व्हरचे अलर्ट इतके येतात की टीम ते न वाचताच बंद करते आणि खरा बिघाड त्यात दबून जातो. यावर नीट काम करून डॉक्टरेट घ्यायची आहे. एकीकडे पार्ट टाइम पीएच.डी. आहे. दुसरीकडे परदेशी विद्यापीठांची ‘डॉक्टर ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’सारखी व्यावसायिक डॉक्टरेट. तिच्यासाठी रोज फोन येतात, ‘दीड वर्षात, घरबसल्या’. पुढे कॉलेजात शिकवायची इच्छाही आहे. निवड कशी करावी?

खंडवारोड
मुग्धाताई, हा फरक वर्षांचा नाही आणि फीचाही नाही. प्रबंध वाचणारा त्यात काय शोधतो, तिथे खरा फरक आहे. पीएच.डी.चा परीक्षक विचारतो, ‘आजवर माहीत नव्हतं असं यात काय आहे?’ व्यावसायिक डॉक्टरेटचा परीक्षक विचारतो, ‘कामाच्या जागी काय बदललं, ते तुम्ही केलेल्या उपायानेच बदललं हे कशावरून, आणि दुसऱ्या कंपनीने यातून काय उचलावं?’

तुमचाच विषय दोन्ही साच्यांत घालून बघा. पीएच.डी.त प्रश्न असा होईल: सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की लॉगच्या (सर्व्हर आपोआप लिहितो त्या नोंदींच्या) ओळींची रचनाही बदलते, मग बिघाड ओळखणारं मॉडेल नव्याने न शिकवता किती काळ टिकतं, आणि ते टिकवायचं कसं? इथे तुमच्या कंपनीचा डेटा लागतोच असं नाही. एचडीएफएसचा, म्हणजे मोठ्या फाइली तुकडे करून अनेक संगणकांवर साठवणाऱ्या प्रणालीचा, खुला लॉग संच आहे. त्यात १,११,७५,६२९ ओळी आणि ५,७५,०६१ ब्लॉक (फाइलींचे तुकडे) आहेत, पैकी बिघडलेले १६,८३८. म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. या प्रमाणाकडे नीट बघा, कारण ‘सगळं ठीक आहे’ असं डोळे मिटून सांगणारं मॉडेलही इथे ९७ टक्के अचूक ठरतं. नुसती अचूकता छापलेला शोधनिबंध जाणकार परीक्षक पहिल्या पानावरच बाजूला ठेवतो. दिलेल्या इशाऱ्यांतले किती खरे निघाले आणि खऱ्या बिघाडांतले किती सापडले, हे दोन्ही आकडे द्यावे लागतात.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. लॉग पत्त्यांसारखे पिसून ८०-२० असे वाटले जातात. मग एकाच बिघाडाच्या एका मिनिटातल्या ओळी थोड्या शिकवायच्या भागात जातात, थोड्या तपासायच्या भागात. निकाल झकास येतो, प्रत्यक्षात मॉडेल आपटतं. विभागणी काळाप्रमाणेच करायची: आधीचे लॉग शिकवायला, नंतरचे तपासायला. ब्लू जीन/एल या महासंगणकाच्या लॉगवर (४७,४७,९६३ ओळी, पैकी ३,४८,४६० अलर्टच्या) दोन्ही प्रकारे विभागणी करून बघा, म्हणजे पटेल.

व्यावसायिक डॉक्टरेटमध्ये तुमची ऑपरेशन्स टीम हीच प्रयोगशाळा. निदान तीन महिने काहीही न बदलता नुसतं मोजायचं: शिफ्टमागे अलर्ट किती आले, किती उघडले, पहिली हालचाल किती मिनिटांत झाली, किती खरे निघाले. मग बदल करायचा आणि सहा महिने तेच आकडे मोजायचे. घोळ इथे होतो: त्याच सहा महिन्यांत कंपनी मॉनिटरिंगचं टूल बदलते किंवा शिफ्टची रचना बदलते, आणि सुधारणा कशामुळे झाली हे सांगता येत नाही. म्हणून सगळ्या टीममध्ये बदल एकदम लागू करू नका. आधी एक टीम, दोन महिन्यांनी दुसरी, मग तिसरी. प्रत्येक ठिकाणी सुधारणा बदलानंतरच दिसली, तर तुमचं म्हणणं टिकतं.

आता व्यावसायिक डॉक्टरेटचा हा साचा वाचून तुमच्या मनात जास्त कल्पना येत असतील, तर कल व्यावसायिक डॉक्टरेटकडे आहे हे मान्य करा. पण पुढे शिकवायचं असेल तर भारतात पदवी पीएच.डी.चीच घ्या. नियमांचं कोणीतरी सविस्तर लिहा.

रामबागकर_काका
नियमांचं मी लिहितो. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) सध्याचे पीएच.डी. नियम ७ नोव्हेंबर २०२२चे. त्यात पार्ट टाइम पीएच.डी. स्पष्ट शब्दांत मान्य आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. मान्य नाही. ‘घरबसल्या’चा फोन आला की हे एक वाक्य पुरे.

कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. पुन्हा नोंदणी करून आणखी २ मिळतात. महिलांना त्याहून २ जास्त, म्हणजे ताईंसाठी कमाल १० वर्षं. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिट, त्यात किमान ५५ टक्के. मास्टर्सलाही ५५ टक्के लागतात, ते तुमच्याकडे आहेत.

प्रवेश दोन वाटांनी. एक, विद्यापीठाची स्वतःची परीक्षा. आपल्या देवी अहिल्या विद्यापीठात तिला डीईटी म्हणतात. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे असतात, आणि वर्षानुवर्षं नोकरी केलेली माणसं नेमकी तिथेच अडकतात, कारण विषयाचा अभ्यास करतात आणि सॅम्पलिंग, गृहीतकाची चाचणी वगैरे सोडून देतात. दुसरी वाट नेट, म्हणजे देशपातळीवरची पात्रता परीक्षा. संगणक विषयाचा कोड ८७. पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, मिळून तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जून २०२४पासून फक्त पीएच.डी. प्रवेशासाठीही नेटमधून पात्र ठरता येतं. त्यात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. म्हणून आधी गाइडशी (संशोधनाच्या मार्गदर्शकाशी) बोला, मग नेट द्या. उलटं केलं तर गाइड शोधण्यात वर्ष निघून जातं.

गाइडबद्दल. प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४ विद्यार्थी, एवढीच मर्यादा. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा भेटायला जाताना दोनच प्रश्न आधी विचारा: ‘सर, जागा आहे का?’ आणि ‘आपली निवृत्ती कधी?’ संकोच करू नका, त्यांना या प्रश्नांची सवय असते. शिवाय त्यांच्या विद्यार्थ्यांचे शोधगंगावर (भारतीय प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर) ठेवलेले दोन प्रबंध पूर्ण वाचून जा. गाइड कसं काम करून घेतो, हे तिथल्या तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात कळतं.

नोकरी करणाऱ्यांच्या एनओसीत (कंपनीच्या ना हरकत पत्रात) तीन गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या हव्यात: पार्ट टाइम अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल. कंपन्यांचे एचआर नुसतं ‘आमची हरकत नाही’ असं दोन ओळींचं पत्र देतात आणि अर्ज तिथेच अडतो. मसुदा तुम्हीच लिहून न्या.

स्वाती_डेटा
काकांच्या एनओसीला एक पुरवणी. डेटाची परवानगी वेगळी घ्या, आणि ती तुमच्या मॅनेजरची नको, कायदा विभागाची हवी. पदवी देण्याआधी प्रबंधाची सॉफ्ट कॉपी इन्फ्लिबनेटकडे (शोधगंगा चालवणाऱ्या केंद्राकडे) जाते आणि शोधगंगावर कोणालाही वाचायला मिळते. परवानगीच्या पत्रात ‘अभ्यासासाठी डेटा वापरता येईल’ एवढंच असेल तर पुरत नाही. ‘प्रकाशित करता येईल’ हे शब्द हवेत. त्यासोबत काय झाकायचं तेही ठरवा: आयपी पत्ते, होस्टची नावं, ग्राहकांचे आयडी. झाकताना होस्टच्या प्रत्येक नावाला एकच कायमचा बदली कोड द्या. सगळीकडे फुल्या मारल्या तर कोणता सर्व्हर कोणामुळे पडला हा धागाच तुटतो आणि डेटा संशोधनाच्या कामाचा राहत नाही.

मधेच नोकरी बदलली तर जुन्या कंपनीचा डेटा हातचा जातो. व्यावसायिक डॉक्टरेटमध्ये हा धोका फार मोठा, कारण सगळं काम त्याच जागेवर उभं असतं. तुमचा तिथे निदान तीन वर्षं थांबायचा विचार नसेल, तर खंडवारोड यांनी सांगितलेला खुल्या संचांचा रस्ताच घ्या.

आणि फोनवाल्यांबद्दल थोडं. व्यावसायिक डॉक्टरेट ही चीज खोटी नाही, तिला बदनाम करू नये. ब्रिटनमध्ये ईएनजीडी (अभियांत्रिकीची व्यावसायिक डॉक्टरेट) १९९२पासून आहे: चार वर्षांचा कार्यक्रम आणि बराचसा वेळ कंपनीतच. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीचा ईएनजीडी दोन वर्षांचा आहे, आणि शिकणाऱ्याला पगार मिळतो. पण फोनवर विकतात ते हे नव्हे. एडटेक कंपन्यांनी परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून चालवलेल्या ऑनलाइन पीएच.डी. मान्य नाहीत, असं यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने) ऑक्टोबर २०२२मध्येच जाहीर केलं आहे. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे यूजीसीचे नियम एप्रिल २०२५मध्ये आले. फ्रँचायझीतून घेतलेली पदवी त्यांत बसत नाही. देशातली विद्यापीठंही तपासूनच घ्या. पीएच.डी.चे नियम धाब्यावर बसवल्यामुळे राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांचे पीएच.डी. प्रवेश जानेवारी २०२५मध्ये पाच वर्षांसाठी बंद केले गेले.

मुग्धा_सुदामानगर
खूप आभार. काका, असोसिएट प्रोफेसरसाठी इंडस्ट्रीतला अनुभव धरतात का? आणि आठवड्याला किती तास हाताशी ठेवावे?

रामबागकर_काका
अभियांत्रिकी कॉलेजांसाठी एआयसीटीईचे २०१९चे नियम आहेत. असोसिएटला पीएच.डी. सक्तीची. ८ वर्षांच्या अनुभवात शिकवणं, संशोधन आणि इंडस्ट्री तिन्ही धरतात, पण त्यातली निदान २ वर्षं पीएच.डी.नंतरची हवीत. म्हणजे तुमची तेरा वर्षं वाया जात नाहीत, मात्र पदवी हातात पडल्याबरोबर त्या पदावर जाता येणार नाही.

तासांचा हिशेब असा. आठवड्याला १२ तास, वर्षाचे ४८ आठवडे, चार वर्षं: २,३०४ तास. दिवाळी, लग्नकार्य, रिलीजचे आठवडे यातून आधीच वगळलेत. रोज दोन तास ठरवणाऱ्यांचं बहुधा जमत नाही, कारण अर्धा तास तर ‘काल कुठे थांबलो होतो’ यातच जातो. शनिवारी सलग सहा, रविवारी चार आणि मधे एका सकाळी दोन तास, ही विभागणी चालते. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. तिच्या तीन आठवडे आधी नवे प्रयोग थांबवा आणि फक्त लिहा.

खंडवारोड
या महिन्यात एवढंच करा. तुमच्या विषयावरचे तीस शोधनिबंध घ्या आणि एका शीटमध्ये सहा रकाने करा: प्रश्न, कोणता डेटा, विभागणी काळाप्रमाणे की पिसून, कोणते आकडे छापले, कोड खुला आहे का, आणि लेखकांनी स्वतः कबूल केलेली उणीव. तिसरा रकाना भरताना बऱ्याच ठिकाणी उत्तर सापडणार नाही, म्हणजे लेखकाने ते लिहिलेलंच नसेल. तिथे खूण करत चला. सिनॉप्सिसचा (संशोधनाच्या आराखड्याचा) पहिला परिच्छेद त्या खुणांतून निघेल. ते पान घेऊन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्स स्कूलमध्ये जा आणि सिमरोलला आयआयटीतही भेटून या. दोन्हीकडे एकच पान दाखवा आणि कोण कुठे बोट ठेवतं ते लिहून घ्या. शीट तयार झाली की इथे टाका, तिसरा आणि चौथा रकाना मी तपासून देतो.