वॉशिंग्टन: गावावरून आडनाव की आडनावावरून गाव?

टाइनकाठ
आम्ही इंग्लंडच्या ईशान्येला, संडरलंडजवळ राहतो. शेजारीच वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तिथल्या 'ओल्ड हॉल'मध्ये सांगतात की जॉर्ज वॉशिंग्टनचे पूर्वज इथले. आपल्याकडे होळ गावचे ते होळकर, तसंच हे का? की प्रसिद्ध माणूस मिळाला म्हणून जोडलेली गोष्ट? शिवाय माझ्या ऑफिसात वॉशिंग्टन आडनावाचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन आहे. पूर्वजांबद्दल विचारलं तर तो नुसता हसला. त्याचं काय?

दफ्तरदार
जोडलेली नाही, कागद आहे. माझी नोकरी भूमी अभिलेखात गेली, त्यामुळे आडनाव दिसलं की मी आधी त्याच्या मागची जमीन शोधतो.

११८३ मध्ये डरहॅमचा बिशप ह्यू द पुईझे याने आपल्या मुलुखातल्या गावांची, येण्यांची आणि वेठीची नोंद करवली. तिला 'बोल्डन बुक' म्हणतात. नाव तुमच्या शेजारच्या बोल्डनवरून पडलं, कारण तिथली वहिवाट एकदा सविस्तर लिहून पुढे गावोगाव 'बोल्डनप्रमाणे' एवढंच लिहिलंय. कारकून सगळीकडचे सारखेच!

त्यात वॉशिंग्टनची नोंद म्हणजे सरळ फेरफार आहे. विल्यम द हर्टबर्न याने हर्टबर्न हे गाव सोडलं आणि त्याच्या बदल्यात चर्च व चर्चची जमीन वगळून वॉशिंग्टन घेतलं. बिशपला वर्षाला ४ पौंड द्यायचे आणि त्याच्या मोठ्या शिकारीला ४ शिकारी कुत्रे घेऊन जायचं. जमीन बदलली तसं नावही बदललं आणि हर्टबर्नचा विल्यम वॉशिंग्टनचा झाला. म्हणजे गाव आधीचं. ह्वास्सा नावाच्या कुणा माणसाच्या कुळाची वाडी, असा त्या नावाचा अर्थ लावतात.

मला खरी गंमत पुढे वाटते. या घराण्याची एक शाखा लँकशरमधल्या वॉर्टनला गेली. तिच्यातला लॉरेन्स वॉशिंग्टन लोकरीचा व्यापारी, नॉर्दॅम्प्टनचा महापौरही झाला. आठव्या हेन्रीने मठ बुडवून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा, १५३९ मध्ये, त्याने नॉर्दॅम्प्टनशरमधल्या सलग्रेव्ह गावची जहागीर विकत घेतली. विल्यमच्या हिशेबाने तो आता सलग्रेव्ह व्हायला हवा होता. झाला नाही. साडेतीनशे वर्षांत नाव जमिनीपासून सुटून माणसाला चिकटलं होतं. वॉशिंग्टन गावाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, पण आडनाव तेच. आपल्या होळकरांनी इंदूरला राज्य केलं, तरी ते होळकरच राहिले.

त्याच्याच वंशातला आणखी एक लॉरेन्स एसेक्समध्ये पाद्री होता. यादवी युद्धात, १६४३ मध्ये, पार्लमेंटच्या बाजूने त्याला दारुड्या ठरवून जागेवरून काढलं. तो राजाच्या पक्षाचा, त्यामुळे आरोपात दारू किती आणि राजकारण किती, तुम्हीच ठरवा. त्याचा मुलगा जॉन व्हर्जिनियाला गेला. हा जॉर्जचा पणजोबा.

शंकेखोर
एक काडी टाकतो. दक्षिणेला ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तेव्हा इंग्लंडात वॉशिंग्टन भेटला की तो डरहॅमचाच, असं धरू नका. गावाच्या आडनावांची ही जुनी खोड आहे, एकाच नावाची दोन गावं आणि मधे काही नातं नाही. आमच्याकडे दोन वडगावकर एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

दफ्तरदार
मान्य. म्हणून तर कागद बघायचा. खुद्द जॉर्जला यात फारसा रस नव्हता. इंग्लंडच्या राजचिन्हांच्या खात्याने वंशावळ विचारली, तेव्हा १७९२ मध्ये त्याने उत्तर पाठवलं की या विषयाकडे मी फार कमी लक्ष दिलंय.

बाल्टिमोरकर
ऑफिसातल्या गृहस्थांबद्दल मी सांगतो. ते हसले ते बरोबरच. २००० च्या जनगणनेत अमेरिकेत १,६३,०३६ वॉशिंग्टन होते आणि त्यातले सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय. पण हे सगळे जॉर्जच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज, असं समजणं चूक. हॅरी वॉशिंग्टन खरोखर माउंट व्हर्ननचा, म्हणजे जॉर्जच्या मळ्यावरचा गुलाम होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो पळून इंग्रजांच्या बाजूला गेला आणि पुढे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून आफ्रिकेत सिएरा लिओनला पोचला. उलट गुलामीत जन्मून पुढे मोठा शिक्षणतज्ज्ञ झालेला बुकर टी. वॉशिंग्टन बघा. शाळेत पहिल्यांदा पूर्ण नाव विचारलं, तेव्हा त्याच्याकडे नुसतं बुकर होतं. सावत्र बापाचं नाव वॉशिंग्टन फर्ग्युसन, त्यातलं पहिलं नाव पोराने तिथल्या तिथे आडनाव म्हणून लावून टाकलं. त्याच्या बाबतीत ना जमीन, ना वंश. मालकाने नाव दिलं असेल असं धरून कुणाला पूर्वज विचारू नका, एवढंच सांगतो.

टाइनकाठ
आभार. आता उगाच विचारल्यासारखं झालंय, सोमवारी त्याच्याशी बोलते. सुट्टीत सलग्रेव्हला जायचं म्हणतोय. जाण्यासारखं आहे का?

दफ्तरदार
जा. लॉरेन्सचं घर तिथे अजून आहे. त्याच्या दारावरच्या कोपऱ्यांत घराण्याचं चिन्ह कोरलंय, ते बघा. दोन आडवे पट्टे आणि वर तीन तारे. वॉशिंग्टन डी.सी. शहराने १९३८ मध्ये तोच झेंडा घेतला. अमेरिकेचा झेंडाही यावरूनच आला असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढच्या खोलीत चला. त्याला कागद नाही.