मदत हवी आहे: माणसं निवडताना कुठे चुकतंय?

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं मसाल्याचं छोटं युनिट आहे. ऑर्डरी वाढल्या म्हणून वर्षभरात तिघांना घेतलं. पहिला मावसभावाच्या ओळखीचा, त्यामुळे बोलताही येईना आणि काढताही. दुसऱ्याच्या गोड बोलण्यावर भुललो. टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक बिल करायला लावलं असतं तर तिथेच कळलं असतं. तिसरी मुलगी हुशार, पण तिचं काम काय हे आम्हीच ठरवलं नव्हतं. पॅकिंगही तिच्याकडे, वसुलीही! दोन महिन्यांत गेली.

आता आठ कामगार आहेत. आणखी दोघं घेतले की दहा, म्हणजे ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) लागू. ते सीए बघतील. मला सांगा, नेमणूकपत्रात चाचणीचा काळ किती ठेवता? आधीच्या मालकाला फोन करून नेमकं काय विचारता? पगार देऊन दोन दिवस काम करून बघायला कुणी बोलावलंय का?