शाळेनंतरचा वर्ग : खाऊ आणि खेळ कसा बसवायचा? (नागपूर)

वर्गताई_त्रिमूर्तीनगर
साडेचार ते साडेसहा वर्ग असतो. २५ मुलं, वय ६ ते ११. एक खोली, गच्ची, समोर लहानसं मैदान. येतानाच शाळेच्या फाटकाजवळ आलूपोंगा (बटाटा भरलेले तळलेले पोंगे) नाहीतर चिप्सचं पाकीट झालेलं असतं, मग आमची मटकी ताटात तशीच. खेळायला दहा-बारा पोट्टे पळतात, बाकीचे पायरीवर. आहाराचे तक्ते भिंतीवर आहेत, मुलांना पाठही आहेत. खात मात्र नाहीत. काय बदलावं?

डबा_आणि_डाएट
तक्ते राहू द्या, वेळ बदला. दुपारचा डबा खाऊन तीन-चार तास झालेले असतात, म्हणून पोरं ठेल्यावर थांबतात. वर्गात पाय ठेवल्यापासून दहा मिनिटांत हातात काहीतरी पडलं पाहिजे.

मटकी एकटी वाढू नका. ओळखीच्या मुरमुऱ्यात मिसळा. २५ जणांना ३०० ग्रॅम मुरमुरे, ३०० ग्रॅम फुटाणे, पाव किलो भाजलेले शेंगदाणे आणि पाव किलो कोरड्या मटकीचे मोड पुरतात. शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे, ते प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्या. कांदा, टमाटर, लिंबू वाढायच्या क्षणी; आधी घातलं की मुरमुरे चामट होतात आणि पोरं बोटानं बाजूला सारतात.

मटकी आठ-दहा तास भिजवून फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात मधून दोनदा धुवा, नाहीतर बुळबुळीत होऊन वास मारते. अशी सरळ फेकायची. कच्ची देऊ नका, ५ ते ७ मिनिटं चांगली वाफ द्या. मोडांना जी ओलसर ऊब लागते ती जंतूंनाही आवडते. लिंबू फक्त चवीसाठी नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकीतलं लोह जास्त अंगी लागतं. सोबत चहा दिलात तर उलटं होतं.

‘मटकी संपव, मग चॉकलेट’ हे बंद. त्यानं मटकी शिक्षा ठरते. काय आणि कधी ते तुम्ही ठरवा, किती ते मुलानं. लिंबू पिळायला, कोथिंबीर खुडायला रोज चौघांना बसवा, हात साबणानं धुऊन. स्वतः कालवलेलं सहसा उरत नाही.

संत्री असतील तेव्हा सोलून फोडीच द्या, रस नको. पाकिटातल्या फळांच्या पेयांत १०० मिलीला साधारण १० ते १४ ग्रॅम साखर असते. म्हणजे २०० मिलीच्या डब्यात चार-पाच चमचे.

मैदान_भाऊ
पायरीवरची पोरं आळशी नाहीत, खेळाचे नियमच त्यांना बसवतात. बाद होणारा पहिला बहुतेक तोच, ज्याला पळायची जास्त गरज आहे. म्हणून ‘आउट’वाले खेळ कमी करा. साखळीत पकडला गेलेला राज्यातच येतो. चौघांची साखळी झाली की दोन-दोन करून तोडा. विषामृतात दोन विषं ठेवा, ५ मिनिटांनी बदला.

कप्तानाला गडी निवडू देऊ नका, शेवटी उरणारा रोज तोच असतो. एक-दोन-तीन मोजून गट पाडा. आणि चुन्याची हद्द लहान आखा : बारा जणांना १५ बाय १० मीटर भरपूर. मैदान मोठं ठेवलं की चपळ पोरगा सापडतच नाही आणि जड पोरगा दोन फेऱ्यांत हात टेकतो. लंगडी गच्चीवर नको, गुडघे फुटतात. मातीवर ३० सेकंदांनी पाय बदलून.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. तुमच्याकडून ४० झाली तरी बरंच काम झालं.

वेळापत्रक मात्र बारा महिने एकच ठेवू नका. डिसेंबरात साडेपाचला सूर्य बुडतो, तेव्हा आल्या आल्या अर्धं केळं, लगेच खेळ, भेळ नंतर. एप्रिलपासून उलट : आधी खाऊ, सहानंतर मैदान. गच्ची तापलेली असते, संध्याकाळीही वाफा मारते. दर १५ मिनिटांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना पाणी. तहान लागली की पिऊ, असं म्हणणारी पोरं पीत नाहीत.

वर्गताई_त्रिमूर्तीनगर
वेळेचं पटलं. आलूपोंग्याचं काय पण? आणि वाढदिवसाचा केक?

डबा_आणि_डाएट
अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत. जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालकांच्या सह्यांनिशी मुख्याध्यापकांना पत्र द्या. पण त्याआधी पालकांनाच सांगा की खिशात दहाची नोट देऊ नका, साडेचारला खाऊ आमच्याकडे आहे. ‘घाण आहे ते’ असं मुलांसमोर म्हणू नका, आणखी चव येते त्याला. केक महिन्यातून एकदा, त्या महिन्याच्या सगळ्यांचा मिळून.