मदत हवी आहे: १९७२ च्या शेव्हरोले सी-१० ला कुठला फॅन श्राउड (पंख्याभोवतीचं कव्हर) बसेल?

नमस्कार मंडळी,

गाडीखाली झोपून हात काळे केलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून थेट विचारतो. थोडं लांबलंय, पण अर्धवट माहिती दिली तर चार प्रतिसाद नुसते "आधी हे सांगा"चेच येतील.

मी टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी १९७२ ची सी-१० पिकअप घेतली. मूळची सहा सिलिंडरची, पण आधीच्या मालकाने कधीतरी तिच्यात ३५० घनइंचांचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवलंय. ते कुठल्या गाडीतून काढलं हे त्यालाही आठवत नव्हतं. तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं, आता ते अंगाशी आलंय.

हायवेला ६५ मैलांनी पळवा, काटा १९० वर ठाम (फॅरनहाइट, इथे तेच चालतं). सिग्नलला तीन-चार मिनिटं थांबलं की २२५. गेल्या वर्षी आमच्या मंडळाचा गणपती याच पिकअपमध्ये बसवून मिरवणूक काढली. शाळेच्या पार्किंगमध्ये, ढोल-ताशामागे, माणसाच्या चालीने. तिसऱ्या फेरीला बॉनेटमधून वाफ. एका काकूंना वाटलं धूप घातलाय, त्यांनी हात जोडले. शेवटची फेरी पोरांनी गाडी ढकलत पुरी केली. यंदाही मान माझ्याच गाडीला आहे, तेव्हा काम गणपतीच्या आत व्हायला हवं.

थर्मोस्टॅट नवा घातला (१८० चा), रेडिएटर काढून साफ करून आणला, कॅप १५ पाउंडांची नवी लावली. फरक शून्य. मग लक्षात आलं की पळताना थंड आणि थांबल्यावर गरम म्हणजे पाण्याचा दोष नव्हे, हवेचा. इंजिन चालू ठेवून ग्रिलमधून हात घातला आणि कालनिर्णयचं जुनं पान रेडिएटरच्या जाळीवर धरलं. मधोमध चट्‌दिशी चिकटलं. वरच्या कोपऱ्यात नेलं तर घसरून खाली पडलं. डाव्या कडेलाही तेच.

कारण उघड आहे, माझ्या गाडीला श्राउडच नाही. (श्राउड म्हणजे आपल्याकडे गॅरेजात फॅन काऊल म्हणतात ते. बाबांच्या ट्रकला पत्र्याचं होतं.) रेडिएटरचा गाभा २८ इंच रुंद, १९ इंच उंच, म्हणजे ५३२ चौरस इंच. पंखा १८ इंची, त्याचं वर्तुळ साधारण २५४. निम्मीसुद्धा जाळी पंख्यासमोर येत नाही. वर पात्यांच्या टोकाशी इंजिनाकडची तापलेली हवा गिरकी घेऊन पुन्हा पुढे येते आणि तीच ओढली जाते.

मग मी शहाणपणा केला. साल, मॉडेल, व्ही-८ एवढं सांगून ऑनलाइन श्राउड मागवला. काळं प्लास्टिक, सुरेख चीज, भोक २० इंची, खोली पाच इंच. लावून बघतो तर पंखा अख्खा आत बुडालेला, आणि खालची पाती कडेला जवळजवळ टेकलेली. दुकानदाराला दोष देववत नाही, त्याने १९७२ चाच माल पाठवला होता.

गोम वॉटर पंपात आहे, कारण पंखा त्याच्याच टोकाला बसतो. शेव्हरोलेने कार्सना १९६९ पासून लांब पंप दिला, पण पिकअपना १९७२ पर्यंत आखूडच होता. आखूड पंप साडेपाच इंचांच्या किंचित वर भरतो, लांब जवळजवळ सात. माझा मोजला, लांब निघाला. म्हणजे इंजिन कारचं किंवा १९७३ नंतरच्या पिकअपचं, आणि पंखा मूळ जागेपेक्षा सव्वा इंचाहून जास्त रेडिएटरकडे सरकलेला. त्यात आधीच्या मालकाने पंप आणि पंख्यामध्ये दीड इंचाचा ॲल्युमिनियमचा स्पेसर ठोकलाय. श्राउड नाही म्हणून पंखा जाळीच्या जवळ न्यावा, असा त्याचा विचार असणार. बिचाऱ्याचं अगदीच चूक नव्हतं.

माझी मापं: जाळीपासून पात्याची पुढची कड सव्वादोन इंच, मागची पावणेपाच. पातं निम्मं आत, निम्मं बाहेर असावं हा नियम धरला तर श्राउडचं तोंड जाळीपासून साडेतीन इंचांवर हवं, आणि आणलेल्याचं आहे पाचवर. शिवाय पंख्याचा मध्य श्राउडच्या मध्यापेक्षा पाऊण इंच खाली. चहूबाजूंनी एक इंच फट मिळायला हवी, ती खाली फक्त पाव इंच उरते. रेडिएटर बॉडीला घट्ट, इंजिन रबरावर डोलणारं. ॲक्सिलरेटर दाबला की पातं प्लास्टिक खाणारच.

आता मार्ग असे दिसतात. हाच ठेवून स्पेसर काढायचा. किंवा १९७३ नंतरचा, लांब पंपासाठीचा श्राउड घ्यायचा, पण त्या गाडीचा रेडिएटर आणि त्याच्या पट्ट्या वेगळ्या, म्हणजे पुन्हा कापाकापी. तिसरा, ॲल्युमिनियमच्या श्राउडसकट दोन इलेक्ट्रिक पंखे. शेजारचा अमेरिकन आजोबा त्याच्याच मागे लागलाय. पण माझा अल्टरनेटर ३७ अँपिअरचा. दोन पंखेच त्यातला बहुतेक करंट खातील, मग दिवे आणि वायपर कशावर चालवू? शिवाय सगळं वायरिंग नव्याने. खरं सांगायचं तर मला या गाडीत तो आवाज नकोच आहे.

तुम्ही काय केलं असतं?

संपादन, शनिवार रात्र:

भराभर प्रतिसाद दिलेत, आभार. एकांनी टायमिंग विचारलं. बरोबर आहे, आयडलला ठिणगी उशिरा पडली तरी इंजिन तापतं. तपासलं, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (आयडलला ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) नळी तडकलेली होती. बदलली. सिग्नलला काटा आता २१५ वर थांबतो. सुधारणा आहे, पण मिरवणुकीला पुरेशी नाही.

दुसरे म्हणाले, इंजिनाचे माउंट बघ. बघितले. रबर पापडासारखं चपटं झालेलं. नवे घातल्यावर इंजिन पाव इंच वर आलं, आणखी पाव इंच श्राउडची भोकं कानशीने लांबट करून त्यालाच खाली घेतलं. म्हणजे खालची फट आता पाऊण इंच.

राहिला स्पेसर. तो काढला की पातं पावणेचारपासून सव्वासहापर्यंत जातं, बरोबर मध्ये पाच, जिथे श्राउडचं तोंड आहे. कागदावर झकास. पण मागे पात्याची कड आणि पंपाची पुली यांच्यात आज सव्वादोन इंच आहे, त्यातला पाऊणच उरेल. पंखा जुना, ताठ पोलादी पात्यांचा आहे, वाकणारा नाही. एवढी जागा पुरते का? कुणी लांब पंपावर स्पेसरशिवाय पंखा चालवलाय का? बोल्टही आखूड लागतील हे लक्षात आहे, जुनेच घट्ट पिळून पंपाच्या बेअरिंगची वाट लावणार नाही.

उद्या सकाळी उघडायला बसतोय. त्याआधी कुणी "थांब" म्हणणार असेल तर आत्ताच म्हणा.